उसना वेग

विजेवर चालणारी स्कूटर आता कोणत्याही शहरात नवलाईची राहिलेली नाही. शिकवणीला जाणारा विद्यार्थी, कचेरीची वेळ गाठणारा कारकून, घरोघर सामान पोचविणारा तरुण, या साऱ्यांना तिचा आधार वाटतो. पेट्रोलचा खर्च नाही, धूर नाही. आणि तिच्या एका प्रकाराला तर परवाना, नोंदणी किंवा विमा यांपैकी काहीच लागत नाही. ही शेवटची सवलत सशर्त आहे, याचा मात्र अनेकांना सोयीस्कर विसर पडला आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये ज्या बॅटरीच्या दुचाकीची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरांपेक्षा कमी असतो, ती कायद्याच्या दृष्टीने 'मोटार वाहन' ठरत नाही. सायकलीहून थोडे वेगवान आणि फारसे धोकादायक नसलेले साधन म्हणून तिला हे झुकते माप मिळाले. परंतु स्कूटर घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांतच हा वेग अपुरा वाटू लागतो. मग कोणी वेगमर्यादेची तार तोडून घेतो, कोणी जास्त व्होल्टची बॅटरी बसवितो, तर कोणी कंट्रोलरच बदलतो. काही ठिकाणी तर ही 'सोय' विक्रेताच करून देतो. ताशी २५ ची गाडी ताशी ४०-५० ने धावू लागते आणि मालकाला फुकटात मोठा लाभ झाल्यासारखे वाटते.

हा लाभ फुकटचा नाही, हे शाळेतले पदार्थविज्ञान आठवले तरी ध्यानात येईल. वेग दुप्पट झाला की धावत्या वस्तूची ऊर्जा चौपट होते आणि ती जिरविण्याचे काम ब्रेकला करावे लागते. ताशी २५ च्या वेगात ब्रेक दाबल्यापासून सुमारे ६ मीटरांत थांबणारी स्कूटर ताशी ५० च्या वेगात सुमारे २४ मीटर घेते. ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंत जाणारा एक सेकंद धरला, तर हे अंतर अनुक्रमे १३ व ३८ मीटर होते. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या दोन आकड्यांतला फरक जगण्यामरण्याचा असू शकतो. हलकी चौकट, अरुंद टायर आणि साधे ब्रेक ज्या वेगासाठी योजले, त्याच्या दुप्पट वेग त्यांच्यावर लादणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. तारेतून जाणारा विद्युतप्रवाह दुप्पट झाला की तीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटरना लागलेल्या आगींनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक केले. त्या साऱ्या आगी फेरफारामुळे लागल्या असे नाही. पण कारखान्यातून आलेल्या वाहनांबाबतही इतकी दक्षता लागत असेल, तर गल्लीतल्या दुकानात बदललेल्या बॅटरीची हमी कोण देणार?

कायद्याची बाजू तर अधिकच गंभीर आहे. मर्यादा ओलांडताक्षणी ही स्कूटर 'मोटार वाहन' होते. म्हणजेच ती विनानोंदणी, विनाविमा आणि बहुधा परवाना नसलेल्या हातांत असलेली मोटार सायकल ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने असे वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु दंडापेक्षा मोठा प्रश्न जखमी पादचाऱ्याचा आहे. गाडीला क्रमांक नाही, त्यामुळे पळालेला चालक सापडत नाही. सापडला तरी विमा नाही, त्यामुळे भरपाई त्याच्या तुटपुंज्या मिळकतीतून निघणे कठीण.

वेग वाढविणाऱ्याचीही एक बाजू आहे, ती ऐकून घेतली पाहिजे. ट्रक आणि बसगाड्यांच्या गर्दीत ताशी २५ ने जाणाऱ्याला मागून येणारे प्रत्येक वाहन दटावीत असते. सामान पोचविणाऱ्या तरुणाची कमाई तर खेपांवर अवलंबून असते. ही अडचण खरी आहे. मात्र तिचा उपाय उघड आहे: ज्याला अधिक वेग हवा त्याने त्या वेगासाठीच बनविलेली, नोंदणी होणारी विजेची स्कूटर घ्यावी. ती महाग पडते हे मान्य. पण वाचलेल्या पैशाची जोखीम तिऱ्हाइताच्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने मे २०२२ मध्ये अशा गाड्यांविरुद्ध विशेष मोहीम काढली होती. अशा मोहिमांचा नेहमीचा दोष असा की, त्यांत रस्त्यावरचा चालक सापडतो आणि दुकानातला विक्रेता सुटतो. वास्तविक, नियमबाह्य वाहन विकणाऱ्या किंवा त्यात फेरफार करणाऱ्या विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड करण्याची तरतूद कायद्यात आहे. तिचा वापर झाला, तर तारा तोडण्याचा धंदा आपोआप मंदावेल. त्याबरोबरच हळू चालणाऱ्या वाहनांसाठी रस्त्याची कड मोकळी ठेवण्याचे कर्तव्य नगरपालिकांनी पार पाडले पाहिजे.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होती. अतिवेग हे त्यांतले सर्वांत मोठे कारण. घरापासून कचेरीपर्यंतच्या पाच किलोमीटरांच्या वाटेवर ताशी २५ ऐवजी ५० ने गेल्यास फार तर सहा मिनिटे वाचतात, आणि चौकांतले लाल दिवे तीही पुरती वाचू देत नाहीत. या सहा मिनिटांसाठी काय पणाला लागते, याचा हिशेब तार तोडण्यापूर्वीच केलेला बरा.