काळा मसाला कोण करणार?

लग्न झाल्यापासून आमच्या उधन्याच्या घरात मसाला कधी विकत आणलाच नव्हता. दर उन्हाळ्यात शिंदखेड्याहून डबा यायचा. आमच्यापैकी कुणी गावाला गेलं तर ते आणायचं, नाहीतर सुरत-भुसावळ लाईनवरच्या एखाद्या गाडीने गावातलं कुणीतरी उधन्याला उतरायचं आणि त्याच्या हातात आईने दिलेला स्टीलचा डबा असायचा. झाकणावर फडकं बांधलेलं, त्यावर सुतळी, तरीही डब्याबाहेर वास येतोच. एकदा मी स्वतः घेऊन येत होतो तर समोरच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं होतं, "काया मसाला शे का भाऊ?" मग पुढचा सगळा प्रवास शेवभाजीवर बोलण्यात गेला.

दोन वर्षांपूर्वी डबा आला नाही.

आईला दमा आहे. मिरची भाजायला घेतली की खोकल्याची उबळ यायची, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, तर फोनवर आम्ही म्हणायचो, "जपून कर गं." ती जपून करायची आणि आम्ही डबा संपवायचो. शेवटी डॉक्टरांनी तिला सांगितलं, मिरचीच्या धुरात बसायचं नाही म्हणजे नाही. तिने ऐकलं. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच.

मग मी दुकानात गेलो. 'भाजीत घाला, झाली' अशा प्रकारची छोटी पाकिटं आणली. भाजी झाली, वाईटही नव्हती. मुलीने तर बोटं चाटून खाल्ली. त्या उन्हाळ्यात वडील आमच्याकडे राहायला आले होते, त्यांनी मुकाट्याने खाल्ली आणि रात्री तीनदा उठून पाणी प्यायले. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली.

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. यादीत पहिला होता मीठ. म्हणजे मसाल्याच्या नावाने मी सगळ्यात जास्त मीठच विकत घेतलं होतं! त्यामागे साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, मग कुठे मिरची आणि धने, आणि शेवटी आकडे: ३३०, ५५१, ६२७, ६३१.

दोन-तीन रात्री त्या आकड्यांच्या मागे लागलो. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, आंबटपणासाठी. ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, पूड गुठळू नये म्हणून. ६२७ आणि ६३१ चव वाढवणारे. त्यांचा थोरला भाऊ ६२१, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्रशेवाळाच्या काढ्यातून ही चव वेगळी काढली. पाकिटावर पुढे 'एमएसजी घातलेलं नाही' असं ठळक लिहिलेलं असलं तरी मागे ६२७ आणि ६३१ असू शकतात, हे मला तेव्हाच कळलं. आणि माल्टोडेक्स्ट्रिन? ते स्टार्चपासून करतात, आणि स्टार्च बहुधा मक्याचा. आमच्याच तालुक्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना कित्येक वर्षं आहे. म्हणजे हे काही परग्रहावरून आलेलं नाही.

इथे एक सांगून टाकतो. हे सगळं विष आहे असं मला म्हणायचं नाही. ठरलेल्या प्रमाणात हे पदार्थ घालायला कायद्याने परवानगी आहे. तेच ग्लुटामेट टोमॅटोतही असतं. शिवाय साधा गरम मसाला, धनेपूड अशा पुष्कळ पाकिटांत मसाल्याखेरीज काही नसतंही. माझी तक्रार वेगळी आहे. हे आकडे मसाल्याची उणीव झाकतात. खोबरं, दगडफूल, भाजलेला कांदा महाग पडतो, म्हणून मीठ, साखर आणि चव वाढवणारी पूड घालून जिभेला फसवायचं. मुलीने बोटं चाटली ती कशामुळे, हे कळल्यावर मला जरा वाईट वाटलं.

आणि यादी वाचून सगळं कळतं असंही नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने दोन मोठ्या भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांत एथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ सिंगापूरने त्यातला एक मसाला बाजारातून परत मागवायला लावला. आपला माल सुरक्षित असल्याचं कंपन्यांचं म्हणणं होतं. हा वायू मसाल्यातले जंतू मारायला वापरतात आणि माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत तो आहे. तो घटक नाही, म्हणून पाकिटावर दिसत नाही. पण जंतू मारायची गरज असते हेही खरं, कारण मसाले उघड्यावर वाळतात. नंदुरबारला मिरचीच्या पथारी पाहिल्या असतील तर कळेल. घरी ते काम कढई करते. आई प्रत्येक जिन्नस भाजूनच का घेते, त्याचं हे एक कारण मला असं उलट्या बाजूने समजलं.

तर मी एकदा जेवताना घरच्या मसाल्याचं मोठं कौतुक सुरू केलं. आपले लोक कसे शहाणे, आपली परंपरा कशी शुद्ध, वगैरे. बायको दिवसभर शाळेत शिकवून आलेली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग करा ना तुम्ही."

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. इतकी वर्षं मी ज्याला 'घरचा मसाला' म्हणत होतो तो घराने केलेला नव्हता. तो एका बाईने, दमा असताना, वैशाखाच्या उन्हात केलेला होता. पाकिटाला पर्याय शोधायचा तर पहिला प्रश्न कोणते जिन्नस हा नाही. करणार कोण, हा आहे.

त्या चैत्रात रजा काढून शिंदखेड्याला गेलो. मिरच्या दोंडाईच्याच्या बाजारातून आणल्या. आईला आतल्या खोलीत बसवलं आणि मधलं दार लावून घेतलं. मी मागच्या अंगणात चूल मांडली. ती दाराआडून विचारायची, "धना लाल झाला का?" मी म्हणायचो, झाला. "नाही झाला, अजून वास नाही आला." म्हणजे बाई खोलीत बसून नाकाने मसाला भाजत होती आणि मी नुसता हात होतो! मिरचीला थोडं तेल लावून भाजायला घेतली तेव्हा शेजारची तीन घरं शिंकली. माझे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरत होते. एका दिवसात ही गत. तिने ते किती उन्हाळे केलं असेल?

पहिल्या घाण्यात खोबरं करपलं. काळा मसाला म्हणून मी ते अगदी कोळसा होऊ दिलं. काळं म्हणजे जळकं नाही, ही अक्कल पाव किलो खोबरं घालवून आली. वडील ती कडू भाजी खाऊन एवढंच म्हणाले, "मीठ बेताचं आहे."

नंतर आईबरोबर बसून प्रमाण लिहून काढलं. तिच्याकडे 'मूठभर' आणि 'अंदाजाने' अशीच मापं होती, ती आम्ही वजनकाट्यावर घातली. पाव किलो धने, पाव किलो मिरची (निम्मी तिखटाला, निम्मी रंगाला ब्याडगी), तीळ आणि खसखस २५-२५ ग्रॅम, दगडफूल, मिरे, दालचिनी आणि शहाजिरे १०-१० ग्रॅम, लवंग, मसाला वेलची आणि तमालपत्र ५-५ ग्रॅम, दोन हळकुंडं. सगळं वेगवेगळं भाजायचं, पूर्ण गार करायचं आणि मगच दळायचं. गार न करता दळलं की वाफ धरते आणि गुठळ्या होतात. ५५१ चं काम एवढ्याने होतं. भरताना बरणीत हिंगाचे खडे ठेवायचे. (बाजारातल्या बांधानी हिंगात डिंक आणि पीठ असतं, हे आईला सांगितलं तर म्हणाली, "आता हिंगालाही नावं ठेव." असो.)

कांदा-खोबरं मात्र आता मसाल्यात घालायचं नाही असं ठरवलं. खोबरं खवट होतं आणि सगळा खटाटोप तिथेच वाढतो. भाजी करायची त्या दिवशी कांदा आणि खोबऱ्याची वाटी गॅसवर भाजायची आणि मिक्सरमधून काढायची. भाजीला दाटपणा त्यानेच येतो, माल्टोडेक्स्ट्रिन लागत नाही. भाजलेला कांदा आणि लसूण असला की ६२७ ची आठवणही येत नाही. आंबट हवं तर चिंच आहेच.

दुसरी सोय म्हणजे एकदम वर्षाचा मसाला करायचा नाही. एवढं प्रमाण आम्हाला तीन महिने पुरतं. थोडी मिरची भाजली तर धूरही थोडा होतो. वर्षाचा मसाला ही घरात वीस माणसं आणि पाच बायका होत्या तेव्हाची रीत. माणसं कमी झाली, पण रीत तेवढीच राहिली आणि तिचं सगळं ओझं एकटीवर आलं.

आणि ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. आपल्याकडे गावोगाव बचत गटाच्या बायका मसाले करतात. त्यांच्याकडून घ्यावा. त्यात काय घातलं, कधी दळला, हे समोर विचारता येतं. फक्त भाव करू नये. पाकिटावर छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो आणि दिवसभर धुरात बसलेल्या बाईशी मात्र वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो, हे मला आता बघवत नाही.

परवा चौथ्यांदा मसाला केला. खिडकीत पंखा लावून, नाकाला रुमाल बांधून, उधन्याच्या ओट्यावर. मुलीने बोटं चाटली नाहीत, पण भाकरी दुसऱ्यांदा मागितली. एक छोटा डबा भरला, वर फडकं बांधलं आणि गावी जाणाऱ्या एका ओळखीच्यांच्या हाती शिंदखेड्याला पाठवला. डबा पहिल्यांदाच उलट्या दिशेने गेला.

रात्री आईचा फोन आला. म्हणाली, "धना अजून जरा भाजायला पाहिजे होता."