नॅस घेताय? आधी आपला टीव्ही तपासा
मंडळी, बारशाचे, वाढदिवसांचे व्हिडिओ टीव्हीवर बघायला नॅस घेताय ना? मग महागड्या प्रोसेसरवर पैसे घालू नका. टीव्ही एच.२६४ आणि एचईव्हीसी फाइली स्वतः चालवत असेल, तर नॅसने त्या नुसत्या पाठवायच्या असतात. साधा, दोन डिस्कचा पुरतो. जेलीफिन फुकट आहे. (भारतातून आजी-आजोबा बघणार असतील, तर मात्र व्हिडिओ लहान करून पाठवणारा प्रोसेसर हवाच.)

आणि हो, दोन्ही डिस्कवर तेच साठवलं म्हणजे बॅकअप झाला नाही! लेकीने चुकून फोल्डर उडवला, तो दोन्हीकडून गेला. माझ्या आईचा आवाज होता त्यात. वाचलेल्या पैशांत वेगळी डिस्क घ्या, कॉपी करा आणि पुढच्या भारतवारीत भावाच्या कपाटात ठेवून या.