शिंगो ला : वाट सोपी झाली, उंची तेवढीच

हिमाचल प्रदेशातील दारचा हे गाव मनाली-लेह रस्त्यावर आहे. भागा नदीवरचा पूल, पोलिसांची चौकी आणि चहा व राजमा-भात देणारे ढाबे, एवढाच वाटसरूच्या नजरेत भरणारा त्याचा पसारा. लेहला जाणारी मंडळी येथे पाय मोकळे करून पुढे निघतात. पण याच दारचाहून एक दुसरी वाटही फुटते. ती वायव्येकडे वळून शिंगो ला ही खिंड ओलांडते आणि लडाखमधील झंस्कार या दुर्गम खोऱ्यात उतरते. तिबेटी भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड. सरकारी कागदोपत्री हिचे नाव शिंकू ला असेही आढळते. उंची सुमारे ५,०९० मीटर, म्हणजे १६,७०० फूट. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे; अशी तीन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी खिंडीचा माथा वरच राहील.

दारचा ते झंस्कारचे मुख्य गाव पदुम, हा पायी प्रवास आठ ते दहा दिवसांचा. हिमालयात भटकणाऱ्यांमध्ये या वाटेला मोठा मान होता. तंबू, रॉकेल, डाळ-तांदूळ घोड्यांवर लादायचे आणि घोडेवाल्याच्या मागोमाग चालू लागायचे, असा तो प्रकार. पहिले दोन दिवस तसे सुखाचे. लाहोलच्या शेतांतले वाटाणे आणि बटाटे मागे पडतात, झाडे संपतात, पलामो या मुक्कामानंतर खोरे उघडेबोडके होत जाते. झंस्कार सुमदो येथे दोन प्रवाह मिळतात. तेथून खिंडीची खरी चढण सुरू होते.

या चढणीत पायांपेक्षा घड्याळाला महत्त्व. हिमनदीतून निघणारे नाले पहाटे घोट्याएवढे असतात. ऊन चढले, वरचा बर्फ वितळू लागला, की दुपारी तोच नाला मांडीपर्यंत येतो आणि त्याच्या तळाचे गोटे गडगडताना ऐकू येतात. म्हणून जाणते घोडेवाले ओढे सकाळीच ओलांडतात आणि दुपारी दोननंतर पाण्यात घोडा घालायला राजी नसतात. खिंडीवरच्या बर्फाचेही तेच. पहाटे तो टणक असतो, पाऊल वर राहते. उन्हे आली की गुडघ्यापर्यंत पाय रुततो. त्यामुळे शेवटच्या मुक्कामावरून पहाटेच्या अंधारातच निघायची पद्धत. शहरातून आलेल्याला हे नियम सुरुवातीला जाचक वाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या नाल्यानंतर तो कुरकुर बंद करतो.

माथ्यावर दगडांची रास आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत प्रार्थना-पताका. तेथे फार वेळ थांबायचे नाही, हाही नियमच. पलीकडे उतरताना हवा एकदम कोरडी होते, कारण पावसाळी ढग हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे फारसे पोहोचत नाहीत. मग दिसतो गुम्बोरंजन. हा एकाच अखंड शिळेचा वाटावा असा उभा सुळका झंस्कारच्या लोकांना देवासमान आहे. त्याच्या पायथ्याशी हिरवळीची सपाटी, चरणारे याक आणि बिळाच्या तोंडाशी उभे राहून शीळ घालणारे मार्मोट. तेथून पुढे कारग्याक हे खोऱ्यातील पहिले गाव. चार हजार मीटरच्याही वर वसलेल्या या गावात लोक जव पिकवतात. जव भाजून केलेले पीठ, लोणी-मीठ घातलेला चहा आणि वाळवलेले चीज, हा त्यांचा आहार. गावाच्या वेशीपासून मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब भिंती सुरू होतात. त्या नेहमी उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे. घोडेवाला बौद्ध नसला तरी हा शिरस्ता मोडत नाही.

गुहेतला मठ

कारग्याकच्या प्रवाहाबरोबर खाली येत पुरने येथे पोहोचले, की त्सारप नदी भेटते. तिच्या काठाने काही तास चालले की अचानक फुगताल मठ समोर येतो. उभ्या कड्यात एक प्रचंड गुहा आहे आणि तिच्या तोंडाला माती, दगड व लाकडाच्या खोल्या मधाच्या पोळ्यासारख्या चिकटलेल्या आहेत.

येथे एक हंगेरियन विद्वान राहून गेला. अलेक्झांडर चोमा द कोरोश हे त्याचे नाव. आपल्या लोकांचे मूळ आशियात शोधावे म्हणून तो घरातून निघाला आणि अखेर तिबेटी भाषेत रमला. १८२३ साली तो झंस्कारमधील झांगला येथे आला. तेथे एका लामाजवळ तो तिबेटी शिकला. पुढे १८२५-२६ मध्ये फुगतालला राहून त्याने अभ्यास चालू ठेवला. विस्तवाची ऊब नसलेल्या खोलीत, गोठवणाऱ्या थंडीत त्याने शब्द जमवले. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण १८३४ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाले. १८४२ मध्ये दार्जिलिंगला त्याचा मृत्यू झाला. मठात त्याच्या स्मरणार्थ एक शिलालेख आहे.

या खोऱ्याचा दुर्गमपणा किती, याची एक अलीकडची गोष्ट. २०१४ च्या डिसेंबरअखेरीस फुगतालच्या वरच्या बाजूला डोंगराचा कडा त्सारप नदीत कोसळला. नदी अडली आणि बंदिस्त दरीत कित्येक किलोमीटर लांबीचे तळे साचू लागले. ऐन हिवाळा, रस्ता नाही, सगळे बर्फाखाली. लष्कर आणि आपत्ती निवारण दलाचे लोक हेलिकॉप्टरने पोहोचले. पाणी हळूहळू सोडण्यासाठी त्यांनी दरडीतून चर खोदला. तरीही ७ मे २०१५ रोजी बांध फुटलाच. खालचे पूल एकामागून एक वाहून गेले. काठावरच्या लोकांना आधीच हलवले होते म्हणून प्राणहानी टळली. पण पूल गेले, म्हणजे गावेच्या गावे तुटली. शहरात एक पूल बंद पडला तर आपण वळसा घालून जातो. येथे वळसा म्हणजे दुसरी खिंड.

ज्यांना चालण्याची हौस नव्हती

ट्रेकर मंडळी या वाटेविषयी बोलताना एक गोष्ट विसरतात. झंस्कारी माणसासाठी शिंगो ला ही कधीच सहल नव्हती. मीठ, चहा, काडेपेटी, औषध, जे बाहेरून हवे ते खिंडीवरून पाठीवर आणायचे. कारगिलकडून पेन्सी ला ओलांडून येणारा मोटाररस्ता पुढे झाला, पण तो हिवाळ्यात बर्फाखाली जाई. मग बाहेर पडायला उरे गोठलेली झंस्कार नदी. पर्यटक आज ‘चादर ट्रेक’ म्हणून जिचे फोटो काढतात, त्या बर्फावरून येथील बापांनी मुलांना शाळेत पोहोचवले आहे. ‘जर्नी फ्रॉम झंस्कार’ या २०१० च्या माहितीपटात लहान मुलांना शिक्षणासाठी खोऱ्याबाहेर नेणाऱ्या लामांची कहाणी आहे. त्यातली काही मुले पुन्हा आपल्या आईवडिलांना कधी भेटतील, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अडलेली बाळंतीण किंवा छातीत कळ आलेला म्हातारा यांचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

म्हणूनच रस्ता आला तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी त्याचे स्वागत केले, याचे नवल नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहोल बारमाही जोडले गेले. मार्च २०२४ मध्ये सीमा रस्ते संघटनेने निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडून पूर्ण केला. २६ जुलै २०२४ रोजी शिंकू ला बोगद्याच्या कामाचा पहिला सुरुंग उडाला. ४.१ किलोमीटरचा हा दुहेरी बोगदा सुमारे १५,८०० फुटांवर होणार आहे. जी वाट आठवडाभराची होती, ती उन्हाळ्यात एका दिवसाच्या मोटारप्रवासाची झाली. ‘शेवटची निर्जन वाट गेली’ म्हणून हळहळणाऱ्या ट्रेकरचे दुःख खोटे नाही. पण ते पाहुण्याचे दुःख आहे. यजमानाच्या दारात रुग्णवाहिका येऊ शकते, हे त्याहून मोठे. घोडेवाल्यांचे मात्र खरोखर नुकसान झाले. मोटाररस्ता झालेल्या वाटेवर घोडा भाड्याने कोण घेणार? त्यांना दुसऱ्या खिंडी शोधाव्या लागल्या.

शरीराला रस्त्याची खबर नसते

आता मुद्दा कुटुंबांचा. पूर्वी शिंगो लावर जाणारा माणूस दारचाच्या ३,३०० मीटरपासून माथ्यापर्यंत चार दिवस घेई. त्याला वाटे की आपण वाटेच्या अडचणीमुळे सावकाश चाललो आहोत. प्रत्यक्षात तो सावकाशपणाच त्याला जपत होता. आज मनालीच्या २,०५० मीटरवरून सकाळी निघालेली गाडी त्याच दिवशी पाच हजार मीटरवर उभी राहू शकते. त्यात साठीतले आजोबा असतात आणि चार वर्षांची नात असते. हा प्रवास धाडसाचा आहे, असे कोणालाच वाटत नाही, कारण कोणी एक पाऊलही चाललेले नसते.

समुद्रसपाटीला हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते, तेवढेच ते खिंडीतही असते. पण हवेचा दाब निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात जवळजवळ निम्माच प्राणवायू मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण आपल्या गतीने. श्वास खोल होतो, रक्तातील आम्ल-क्षारांचा तोल मूत्रपिंडे नव्याने बसवतात. याला दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढणे तर आठवड्यांचे काम. रोज व्यायाम करणारा, सह्याद्रीतले गड एका दमात चढणारा तरुणही यातून सुटत नाही. उलट त्याला स्वतःवर भरवसा जास्त, म्हणून तो त्रास लपवतो.

डोके दुखणे, भूक मरणे, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती लगेच दिसत नाहीत, उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी दिसू लागतात. म्हणजे माथ्यावर फोटो काढताना सगळे आनंदात असतात आणि रात्री मुक्कामी डोके धरून बसतात. आणि येथेच शिंगो लाची खरी अडचण आहे. रोहतांगवरून पलीकडे उतरले की गाडी तासा-दोन तासांत हजारभर मीटर खाली येते. शिंगो लाच्या पलीकडे खाली उतरायला जागाच नाही. कारग्याक चार हजारांवर, आणि पदुमही ३,६०० मीटरच्या आसपास. रात्री कोणी आजारी पडले तर मागे फिरायचे म्हणजे पुन्हा पाच हजारांची खिंड चढायची.

त्यामुळे जाणाऱ्यांनी केलाँग किंवा जिस्पा येथे, तीन हजार मीटरच्या आसपास, निदान दोन रात्री काढाव्यात. तीन हजारांच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण संकेत आहे. या रस्त्यावर तो पूर्णपणे पाळणे कठीण. म्हणून पहाटे निघावे, माथ्यावर रेंगाळू नये, पहिल्या रात्री कारग्याकला न थांबता पदुमच्या दिशेने जितके खाली जाता येईल तितके जावे. ॲसिटाझोलामाइड ही गोळी (डायमॉक्स नावाने मिळते) उपयोगी आहे, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर जरूर विचारावे. झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही टाळावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लहान मूल डोके दुखते म्हणून सांगत नाही. ते किरकिरते, खात नाही, नेहमीसारखे खेळत नाही. अशा उंचीवर त्याला हट्टीपणा समजू नये.

स्वस्थ बसले असताना धाप लागत असेल, खोकल्याबरोबर फेस येत असेल, किंवा माणूस सरळ रेषेत टाच-अंगठा जुळवून चालू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मिळेल तेथून प्राणवायू द्यावा आणि त्याला खाली न्यावे.

पायी चालण्याची हौस असणाऱ्यांसाठी फुगतालची पायवाट आहे. गाडी पुरनेला सोडून त्सारपच्या काठाने मठाकडे निघायचे. वाट अरुंद आहे, एका बाजूला नदी. समोरून खेचर आले तर आपण डोंगराच्या बाजूला उभे राहून त्याला दरीकडून जाऊ द्यावे.