पान कोणते, अंश कोणता?

गतांकातील फायब्रेशनविषयक लेखावर ज्या तक्रारी आमच्या दफ्तरी येऊन पडल्या, त्यांचा रोख सिद्धतेवर नसून चिन्हांवर आहे, ही गोष्ट लेखकाला दिलासा देणारी असली तरी संपादकाला नाही. हॉप्फ फायब्रेशनच्या स्पेक्ट्रल सीक्वेन्समध्ये ई-२ या पानावरील (०,१) या स्थानाहून (२,०) कडे जाणारा डिफरन्शियल आयसोमॉर्फिझम ठरतो, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु लेखकाने आपल्या मर्जीने फायबरचा अंश आधी लिहून तोच बाण (१,०) वरून (०,२) कडे नेला, आणि तसे केल्याचा खुलासा कोठेही केला नाही. सेरचा १९५१ चा प्रबंध शेजारी उघडून बसलेल्या वाचकाने मग कोणावर विश्वास ठेवावा?

जुन्या लिखाणात हा घोटाळा अधिकच खोल आहे. लेरेने १९४६ च्या टिपणांत स्पेक्ट्रल सीक्वेन्सची ही यंत्रणा प्रथम मांडली व कोझुलने पुढच्याच वर्षी तिचे बीजगणित निवडून स्वच्छ केले. तथापि १९५० च्या निबंधात लेरे ज्यास होमॉलॉजी म्हणतो, ती आजच्या बोलीत संहत आधाराची कोहोमॉलॉजी होय, आणि म्हणून वास्तव रेषेसाठी ती अंश ० मध्ये नव्हे, अंश १ मध्ये सापडते. मॅसीच्या १९५२ च्या एग्झॅक्ट कपलवरून पानांचे क्रमांक कोठून मोजावेत हे ठरत नाही. देलीन्यने तर फिल्ट्रेशन सरकवून जुने ई-२ हेच नवे ई-१ करण्याची रीतसर सोय करून ठेवली. तेव्हा क्रमांक जुळला नाही की मुद्रणदोष म्हणून मोकळे होणे हा निव्वळ आळस आहे.

एका विद्यापीठाच्या परिपत्रकान्वये प्रबंधारंभी चिन्हसूची वर्णानुक्रमे जोडणे सक्तीचे आहे. सूचीत ‘ई-आर : आरवे पान’ एवढी नोंद दिसली की कचेरीचे समाधान होते व शिक्का उमटतो! आमचे परीक्षकही याहून फारसे चौकस नाहीत, हे खेदाने लिहावे लागते.

सबब पुढील अंकापासून फिल्ट्रेशनचा अंश कोणता, ते चढते की उतरते, पहिले पान कोणते आणि डिफरन्शियलचा द्विअंश किती, हे आरंभीच न सांगणारा लेख न वाचता परत जाईल. ज्यांचे लेख आमच्याकडे पडून आहेत त्यांनी एवढा मजकूर कार्डावर लिहून धाडावा. आणि लेरे, कोझुल मूळ फ्रेंचमधून वाचलेल्या ज्येष्ठांनी आपल्या प्रतींच्या समासांतील टिपा कपाटात न ठेवता आमच्याकडे पाठवाव्यात, त्या आम्ही जशाच्या तशा छापू.