कष्टकऱ्याची सायकल आणि तिचा साज

बाजाराच्या दिवशी जामठी, शेलवड, एणगाव या गावांकडून बोदवडला येणाऱ्या रस्त्यांवर आज मोटारसायकलींची गर्दी असते. तिच्यातून वाट काढीत अजूनही काही सायकली येतात. कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी वाहणारा हमाल, दुधाचे कॅन आणणारा गवळी, विळ्या-कात्र्यांना धार लावणारा कारागीर, शाळेला निघालेल्या मुली हे त्यांचे स्वार. या सायकली जरा थांबून न्याहाळल्या, तर कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली सायकल त्यांत क्वचितच आढळेल. मुठींना प्लॅस्टिकच्या रंगीत झिरमिळ्या लोंबत असतात. चाकाच्या तारांत मणी ओवलेले असतात आणि चाक फिरू लागले की ते खुळखुळतात. सीटवर झालरीचे आवरण असते. मागच्या मडगार्डाखालच्या रबरी पडद्यावर मालकाचे, मुलीचे किंवा गावाचे नाव रंगविलेले असते. नवी सायकल घेताना दांड्यावर गुंडाळलेले वेष्टण अनेकजण वर्षानुवर्षे काढीत नाहीत; खालचा रंग नवा राहावा एवढीच त्यामागची इच्छा.

या साजाकडे पाहून सुशिक्षित माणूस एक तर हसतो, नाही तर उपदेश करतो. मजुरी पुरत नाही, दुकानदाराची उधारी थकली आहे, मुलाच्या वह्यांना पैसे नाहीत आणि हा झिरमिळ्यांवर पैसे उधळतो, असे तो म्हणतो. खेदाची गोष्ट अशी की, समाजवादी कार्यकर्त्याच्या तोंडूनही हे उद्गार ऐकू येतात. साधी राहणी हे या चळवळीचे जुने व्रत आहे आणि ते व्रत अनेकांनी आयुष्यभर निष्ठेने पाळले. परंतु स्वेच्छेने पत्करलेला साधेपणा आणि परिस्थितीने लादलेली वंचना यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्याला निवड करता येते त्याचा त्याग सद्गुण ठरतो. ज्याला निवडच नाही त्याला त्यागाचा उपदेश करणे हा उपहास होय.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, या साजातील पुष्कळसा भाग कामाचाच असतो. गवळी कॅन अडकविण्यासाठी लोहाराकडून कॅरिअरला दोन्ही बाजूंनी आकडे जोडून घेतो. जड ओझे वाहणारा पुढच्या चिमट्याला जादा सळ्या लावून घेतो. धारवाला स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलीची पायंडली मारून सहाणेचे चाक फिरवितो. त्याच्यापुरती ती सायकल हे वाहन आणि कारखाना दोन्ही असते. चाकाच्या हबभोवती बसविलेला रंगीत केसाळ पट्टा शोभेसाठी म्हणून घेतला जातो, पण चाकाबरोबर फिरताना तो हबवरची धूळही पुसून काढतो. उपयोग कोठे संपतो आणि शोभा कोठे सुरू होते ही रेषा पुस्तकातल्या अर्थशास्त्राला आखता येते. सायकलीच्या मालकाला तिची गरज भासत नाही.

या जिव्हाळ्याचे मूळ आर्थिकच आहे. जिनिंगमधील यंत्र मालकाचे असते, शेत जमीनदाराचे असते, ज्या काट्यावर माल तोलला जातो तो काटाही दुसऱ्याचाच असतो. मजुराच्या स्वतःच्या मालकीचे यंत्र म्हणावे असे त्याच्या घरात एकच, आणि ते म्हणजे सायकल. या यंत्राने त्याला काय दिले याचा हिशेब सोपा आहे. माणूस तासाभरात पायी चार-पाच किलोमीटर जातो, सायकलीवर बारा-पंधरा. अंतर तिप्पट झाले म्हणजे ज्या मुलखात काम शोधता येते त्याचे क्षेत्र नऊपट होते. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात काम पाच किलोमीटरच्या आत द्यावे, त्यापलीकडे दिल्यास दहा टक्के जादा मजुरी द्यावी, अशी तरतूद करण्यात आली. तीमागे पायी चालणाऱ्या मजुराच्या आवाक्याचाच विचार दिसतो. खानदेशातील सालदार वर्षाच्या बोलीवर एकाच घराशी बांधला जाई. गावात काम देणारे दोन-चारच असले की मजुरीचा दर तेच ठरवीत. ज्याच्या दाराशी सायकल आली त्याला त्या दराला नकार देण्याची थोडीशी ताकद आली. बाजार समितीच्या आवारात, स्टेशनवर, शेजारच्या गावी काम पाहता येऊ लागले. अशा वस्तूला माणूस सजविणार नाही तर कशाला सजविणार?

सजविण्याची ही रीत त्याने सिनेमातून उचललेली नाही. पिठोरी अमावास्येला शेतकरी बैलाची शिंगे रंगवितो, त्यांना बेगड लावतो, पाठीवर झूल घालतो, गळ्यात घुंगरमाळ बांधतो. पोळ्याच्या या खर्चाला उधळपट्टी म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही, कारण राबणाऱ्या सोबत्याविषयीची ती कृतज्ञता आहे हे सर्वांना कळते. ज्याच्याकडे ना जमीन ना बैल, तो भूमिहीन पोळ्याच्या दिवशी दुसऱ्याचे बैल मिरवून रिकाम्या हातांनी घरी परततो. त्याच्या दाराशी उभी असते ती सायकल. खंडेनवमीला तो ती धुतो, चेनला तेल घालतो, हँडलला झेंडूची माळ बांधतो. मुठीच्या झिरमिळ्या म्हणजे शिंगांचे गोंडेच आहेत आणि तारांतले मणी म्हणजे घुंगरमाळ.

दिखाऊ उपभोगाची कल्पना थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये मांडली. आपल्याला राबावे लागत नाही हे जगाला दिसावे म्हणून श्रीमंत वर्ग खर्च करतो, असे त्याचे म्हणणे. मजुराच्या सायकलीला हे सूत्र लावणाऱ्याने ते नीट वाचलेले नाही. हा माणूस ज्या वस्तूने राबतो तीच सजवितो. आपण कष्ट करतो हे तो लपवीत नाही, मिरवितो.

मिरविण्याच्या या हक्काला आपल्या देशात मोठा इतिहास आहे. इंदूर जिल्ह्यातील काही गावांच्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीवर लादलेल्या नियमांची हकीकत १९२८ च्या जानेवारीत वृत्तपत्रात आली होती आणि डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या पुस्तकात ती नमूद केली. बलाईंनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे ते नियम होते. धोतराच्या काठाचा रंग हा ज्यांना आपल्या सत्तेला धोका वाटला, त्यांना शोभेचे राजकारण पुरते कळले होते. दलितांच्या व श्रमिकांच्या अंगावरील आणि दारातील रंग वरच्या वर्गाला कायम खुपत आला आहे. ‘याला हे कशाला हवे?’ असे कार्यकर्ता जेव्हा म्हणतो तेव्हा, त्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी, प्रश्न त्या नियमकर्त्यांचाच असतो.

साधेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी फैजपूरही आठवावे. बोदवडच्याच जिल्ह्यातील या गावी डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. गांधीजींहून साधेपणाचा मोठा पुरस्कर्ता कोण दाखविता येईल? पण त्यांनीच नंदलाल बसूंसारख्या थोर चित्रकाराला बोलावून घेतले आणि अधिवेशनाचे नगर बांबू व तत्सम गावरान साहित्याने सजवून घेतले. खेड्याजवळ जे आहे त्यातूनच सौंदर्य उभे राहावे, एवढीच त्यांची अट होती. सायकलीच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, मणी, रंगाचा उरलेला डबा यांतून आपली कला उभी करणारा बोदवडचा हमाल ती अट नकळत पाळीत आला आहे.

याचा अर्थ सायकलीच्या दारिद्र्याचे गोडवे गावेत असा नव्हे. भर उन्हात, चढावर, पाऊण क्विंटल ओझे घेऊन पायंडली मारणे हे कष्ट आहेत आणि ज्याला मोटारसायकल घेता येते तो ती घेणारच. शिवाय ही सायकल दीर्घकाळ पुरुषाचीच राहिली. ती स्त्रीच्या हाती गेली की काय घडते हे तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. तेथे साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्यात आल्या. सरकारी सायकली एकाच साच्याच्या. मुली त्यांना रिबिनी बांधतात, बाहुल्या टांगतात, नावे लिहितात. घरातील जमीन, घर, भांडे यांपैकी कशावरही जिचे नाव नसते, तिचे नाव निदान एका मडगार्डावर येते. त्या नावाला हसण्यासारखे काय आहे?

सायकल ही आता जुनी गोष्ट झाली असे मानणाऱ्यांनी २०११ ची जनगणना पाहावी. त्या वर्षी देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर स्कूटर-मोटारसायकल सुमारे २१ टक्के कुटुंबांकडे. नंतर हे चित्र बरेच पालटले असणार. तरी ज्यांच्याकडे दुसरे काहीच नाही त्यांचे वाहन सायकलच राहिले. राज्यकर्त्यांनी मात्र तिला केव्हाच वाऱ्यावर सोडले. वरळीची हिंद सायकल्स व आसनसोलची सेन-रॅले हे कारखाने १९८० च्या कायद्याने राष्ट्राच्या मालकीचे झाले. पण तेही पुढे टिकले नाहीत, आणि या अपयशाचा हिशेब डाव्यांनीही मांडलेला नाही. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलस कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला आणि शेकडो कामगार घरी बसले. त्याच्या आदल्याच महिन्यात टाळेबंदीत अडकलेले मजूर धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई–आग्रा महामार्गाने सायकली मारीत उत्तरेकडे निघाले होते. सरकार, रेल्वे, मालक यांपैकी कोणी पाठीशी उभे राहिले नाही तेव्हा त्यांना घरी नेले ते सायकलीने. सायकल व तिच्या सुट्या भागांवर जुलै २०१७ पासून बारा टक्के वस्तू व सेवा कर होता. तो पाच टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला.

कर उतरला हे चांगले झाले. पण रस्ता मिळाला नाही. महामार्ग रुंद होतात आणि सायकलस्वाराच्या वाट्याला त्यांची कड, खडी आणि मागून येणारा हॉर्न उरतो. म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. गावांतून बाजारपेठेकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्याला सायकलीपुरती पक्की कड हवी. बाजार समिती, रेल्वे स्थानक आणि शाळा येथे सावलीचा व राखणीचा सायकलतळ हवा. पतसंस्थांनी मोटारसायकलीला कर्ज देताना दाखविलेला उत्साह धारवाल्याच्या व गवळ्याच्या सायकलीलाही दाखवावा. नगरपंचायतीच्या सभेत हे विषय मांडण्याला कोणत्याही सत्तेची गरज नाही, चिकाटी असली की पुरे.

आणि ही निवेदने घेऊन कार्यकर्ता वस्तीत जाईल तेव्हा त्याने प्रारंभ खर्चाच्या उपदेशाने करू नये. दाराशी उभ्या असलेल्या सायकलीवर कोणाचे नाव लिहिले आहे, ते का लिहिले आहे, एवढे आधी विचारावे. मजुरी, कर्ज, अंतर, मुलीचे शिक्षण या सर्व गोष्टी त्या एका उत्तरातून आपोआप बाहेर येतील.