रिकामी स्मृति आणि बंद पडणारा खेळ

संगणकावरील खेळ हा विषय या पृष्ठांत पाहून कांहीं वडील वाचक भुंवया चढवितील. परंतु हल्लीं हा खेळ एकट्या मुलाचा राहिलेला नाहीं. त्यापायीं कुटुंबाच्या सामायिक पैशास हात लागतो, आणि तो कशासाठीं लागला हें पैसे देणारास कळत नाहीं. म्हणून त्यांतील एका प्रकरणाचा उलगडा करण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेंतील मेरिलँड राज्यांत रॉकव्हिल येथें बेथेस्डा गेम स्टुडिओज ही संस्था आहे. तिनें ११ नोव्हेंबर २०११ रोजीं 'स्कायरिम' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. डोंगर, बर्फ, गांवें, गुहा असा एक सबंध काल्पनिक देश त्यांत आहे. अशा खेळांत बाहेरचे हौशी लोक जी स्वतःची भर घालतात, तिला 'मॉड' म्हणतात. कोणी झाडें दाट करितो, कोणी भिंतींवरील चित्र अधिक रेखीव करितो. अशा भरी शंभरावर गेल्या कीं खेळ मध्येंच बंद पडूं लागतो. मुलगा म्हणतो, "मेमरी कमी पडते." वडील विचारतात, "किती रुपये?" घोटाळ्यास आरंभ होतो तो येथें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं संगणकांत ८ गिगाबाइट रॅम होती. दुकानदाराच्या सल्ल्यावरून आणखी ८ आणविली. खेळ पूर्वीप्रमाणेंच अर्ध्या तासानें बंद पडत राहिला. थोरल्या काकांनीं घर डोक्यावर घेतलें, आणि मुलाचा खेळच बंद करावा असें ठरण्याची वेळ आली. वस्तुतः त्या बिचाऱ्याचें मूळ निदान बरोबर होतें. फक्त 'मेमरी' या शब्दाचा अर्थ दुकानदारास कळला नव्हता.

एखाद्या नगरपालिकेनें घरांस तीन अंकीच क्रमांक द्यावयाचे असें ठरविलें, तर ००० ते ९९९ अशीं एक हजार घरेंच तिच्या वहींत मावतील. पुढें कोणी आणखी हजार घरें बांधलीं तरी टपालवाल्याच्या दृष्टीनें तीं नाहींत. हा खेळ ३२ द्व्यंकी पत्त्यांवर रचलेला आहे. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. इतक्या बाइटांस, म्हणजे ४ गिगाबाइटांस, तो पत्ता देऊं शकतो. आरंभीं तर २ च गिगाबाइटांची मुभा होती. डिसेंबर २०११ मधील दुरुस्तीनें ती ४ झाली. संगणकांत १६ असोत कीं ३२, उरलेली स्मृति या खेळापुरती शेजारच्या गांवची. तर्कशास्त्र शिकलेल्यास अभाव आणि अनुपलब्धि यांतील भेद सांगावयास नको. येथें अभाव मुळींच नाहीं.

आतां ही ४ गिगाबाइटांची जागा भरते कशानें, तें पाहूं. वस्तूंवर चढविलेल्या चित्रांस 'टेक्स्चर' म्हणतात. १०२४ ठिपके बाजूचें चौरस चित्र, दाबलेल्या स्वरूपांत दर ठिपक्यास १ बाइट धरल्यास, १ मेगाबाइट व्यापतें. बाजू दुप्पट केली कीं क्षेत्रफळ चौपट, हें चौथीच्या मुलासही ठाऊक असतें. म्हणून २०४८ चें चित्र ४ मेगाबाइट आणि ४०९६ चें १६. शिवाय लांबून दिसतांना वापरण्यासाठीं त्याच चित्राच्या लहान लहान प्रती असतात. त्यांचा तृतीयांश मिळविला म्हणजे एका भिंतीस २१ मेगाबाइटांहून अधिक लागले! आणि या खेळाची जुनी चित्रणपद्धति, डायरेक्टएक्स ९, अशी कीं, चित्र ग्राफिक्स कार्डावर गेलें तरी त्याची एक नक्कल खेळाच्या स्वतःच्या ४ गिगाबाइटांत राहते. घरांत ट्रंक ठेवावयास जागा नाहीं, आणि प्रत्येक ट्रंकेची जोडी!

बोरिस व्होरोन्त्सोव्ह या रशियन प्रोग्रामरनें यावर जी युक्ति काढली ती आम्हांस फार आवडली. त्याचा 'ईएनबी' हा मॉड छायाप्रकाशाच्या शोभेसाठीं प्रसिद्ध आहे. पण त्यांतील स्मृतीचा भाग, 'ईएनबूस्ट', हाच खरा उपकारक. तो 'ईएनबीहोस्ट' नांवाचा एक निराळा मदतनीस कार्यक्रम उभा करितो आणि चित्रांच्या नकला त्याच्या घरीं नेऊन ठेवितो. त्याची पत्त्यांची वही स्वतंत्र असल्यामुळें खेळाची जागा मोकळी होते. ज्यांस शोभा नको, केवळ जागा हवी, त्यांनीं 'ईएनबीलोकल' या साध्या मजकुराच्या फाइलींत 'यूज पॅच स्पीडहॅक विदाउट ग्राफिक्स' या ओळीपुढें 'ट्रू' लिहावें. 'रिड्यूस सिस्टिम मेमरी यूसेज' हीही ओळ 'ट्रू' असावी.

त्याच फाइलींतील 'व्हिडिओ मेमरी साइझ' या ओळीशीं मुलें हटकून दुसऱ्याचा आंकडा उतरून घेतात. ज्याच्या संगणकावर विंडोज ७ होती त्यानें १०,२४० लिहिलें, म्हणून यानेंही तेंच लिहिलें. पण विंडोज ८ आणि विंडोज १० च्या आरंभींच्या आवृत्त्या डायरेक्टएक्स ९ च्या कार्यक्रमांस सुमारें ४ गिगाबाइटांपलीकडे चित्रस्मृति देतच नव्हत्या, मग कार्ड कितीही मोठें असो. यासाठीं त्याच कर्त्याचें 'व्हीरॅम साइझ टेस्ट' हें लहान साधन चालवून आपल्या यंत्राचा आंकडा मोजून घ्यावा. त्यांतून विंडोज ७ वर सुमारें १७० आणि पुढील आवृत्त्यांवर सुमारें ३५० वजा करून उरेल तो लिहावा. 'रिझर्व्ह्ड मेमरी साइझ' ही चित्रें नेण्याआणण्याची ओसरी होय. खेळ अडखळत असेल तर तिचा आंकडा पायरीपायरीनें वाढवावा. पण ओसरी वाढली कीं माजघर लहान होतें. 'एक्स्पांड सिस्टिम मेमरी' ही ओळ कित्येक यंत्रांवर उलट त्रास देते. ती 'फॉल्स' ठेवणें बरें.

एवढ्यानेंही भागलें नाहीं तर दोष निराळा आहे. खेळ आरंभीं आपल्या कामासाठीं २५६ मेगाबाइटांचा एक गाळा घेतो. तो भरून दुसरा मागण्याच्या वेळीं पुष्कळदां गाडें अडतें. २०१४ मध्यें 'शेसन' या टोपणनांवाच्या गृहस्थानें पहिलाच गाळा मोठा घेण्याची सोय शोधली, आणि ती 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर' या जोडकार्यक्रमांत आली. तेथें ७६८ लिहावयाचे आणि त्याखालीं २५६. पहिल्यांतून दुसरा वजा होऊन प्रत्यक्षांत ५१२ मिळतात. हें न कळल्यानें कित्येकजण मोठमोठे आंकडे लिहितात. तो गाळाही त्याच ४ गिगाबाइटांतून जातो, हें ते विसरतात. उपर्युक्त घरीं या दोन ओळींनीं आणि ईएनबूस्टनें खेळ सुरळीत झाला. दुकानदारानें रॅम मात्र परत घेतली नाहीं.

प्रत्येक बदलापूर्वीं फाइलीची एक प्रत बाजूस ठेवावी. एका वेळीं एकच ओळ बदलावी, आणि त्याच गांवांतून तितकाच वेळ फिरून पाहावें. नाहींतर कशानें गुण आला हें समजणार नाहीं.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजीं याच खेळाची 'स्पेशल एडिशन' निघाली. ती ६४ द्व्यंकी पत्त्यांची आणि डायरेक्टएक्स ११ ची आहे. तिच्यासाठीं वरील आंकड्यांची खटपट करूं नये. अर्थात् त्या आवृत्तीसाठीं मुलगा अधिक रॅम मागूं लागला, तर काकांनीं त्याचें म्हणणें एकदां ऐकून घ्यावें.