छप्पर जळालं, पण...

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मी मराठीत लेख देणार म्हटल्यावर आमच्या रूममध्ये चांगलाच हशा पिकला. तेव्हा चुकलं-माकलं तर पोटात घाला. पण हा विषय मराठीतच सांगावासा वाटला, कारण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला आजोबांकडून मिळाला : 'शाकारणी'. म्हणजे गवताने किंवा पेंढ्याने छप्पर घालणं.

झालं असं, सेमिनारसाठी मी 'जुन्या इमारती आणि आग' हा विषय घेतला होता. शोधता शोधता एक फोटो सापडला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथे रेस्ट्रॉन्गेट नावाची खाडी. खाडीच्या अगदी काठावर पांढऱ्या भिंतींची, गवती छपराची एक खानावळ. नाव 'पँडोरा इन'. तिचा काही भाग तेराव्या शतकातला असल्याचं सांगतात. लोक होडीने येतात, तराफ्याच्या धक्क्याला होडी बांधतात आणि आत जेवायला जातात.

ही खानावळ नुसती नजाऱ्यासाठी काठावर बसलेली नाही. इथे पूर्वी तर होती. फाल्मथ हे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १८५० पर्यंत परदेशी टपालाच्या जहाजांचं बंदर होतं. फाल्मथहून ट्रुरोकडे जाताना ही खाडी आडवी येई. तरीची वाट बघणाऱ्याला निवारा हवा, गरम जेवण हवं. म्हणून तिचं एक जुनं नावच 'पॅसेज हाउस', म्हणजे उताराचं घर. मग ती 'द शिप' झाली आणि पुढे 'पँडोरा'. एच.एम.एस. पँडोरा हे 'बाउंटी' जहाजावरच्या १७८९ च्या बंडखोरांना पकडायला पाठवलेलं जहाज. ताहितीला चौदा जण सापडले, पण परतताना १७९१ मध्ये ते ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवर आपटून बुडालं. त्याच्या कप्तानाने, एडवर्ड एडवर्ड्सने, पुढे ही खानावळ विकत घेतली अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे!

आता थोडं सिव्हिलचं. (बाकीच्या ब्रँचेसनी हा पॅरा सोडू नये, सोपा आहे.) गवताचं छप्पर गळत कसं नाही? उत्तर उतारात आहे. छप्पर साधारण ४५ ते ५० अंशांत उभं असतं आणि सुमारे फूटभर जाड. पाऊस पडला की वरचे काही सेंटिमीटरच भिजतात. थेंब एका काडीवरून खालच्या काडीवर घसरत जातो आणि आत शिरायच्या आधीच बाहेर पडतो. आढ्याचं पाणी वळचणीला, ही आपली म्हण तिथे रोज खरी होते. त्यासाठी पाणथळ जागेतलं बोरूसारखं गवत किंवा गव्हाचं काड वापरतात, आणि हेझेल नावाच्या झुडपाच्या पिळलेल्या काड्यांनी ते ठोकून बसवतात. मात्र हे कायमचं नसतं. गव्हाचं काड साधारण पंचवीस-तीस वर्षं टिकतं, आढं तर दहा-पंधरा वर्षांतच नवं करावं लागतं.

आणि मग आग. मार्च २०११ मध्ये पँडोराचं छप्पर पेटलं. माणसं सुखरूप बाहेर पडली, पण छप्पर आणि वरचा मजला गेला. गंमत बघा, जे छप्पर पावसाला आत येऊ देत नाही, ते अग्निशामक दलाच्या पाण्यालाही आत येऊ देत नाही! अशा आगीत छप्पर ओढून पाडण्याशिवाय बरेचदा इलाज नसतो.

पण एका वर्षात, २०१२ मध्ये, खानावळ पुन्हा उघडली. डोक्यावर पुन्हा गवताचंच छप्पर!

सेमिनार झाल्यावर रूम पार्टनर म्हणाली, "मग ती जुनी कसली? २०१२ ची झाली की!" मेसमध्ये यावर अर्धा तास वाद झाला. माझं मत तेव्हाच पक्कं झालं. ज्या इमारतीचं छप्पर दर पिढीला नवं करावंच लागतं, तिचं वय गवतात मोजून कसं चालेल? तिचं वय ते गवत बसवणाऱ्या हातांत असतं. पँडोरा वर्षभरात उभी राहिली, कारण पैसा होता, कायद्याचं संरक्षण होतं, हे खरंच. पण छप्पर शाकारणारे कारागीर अजून होते म्हणूनही.

हे मला इतकं का लागलं, ते सांगते. माझं आजोळ कोकणात. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत आजोबांनी विचारलं, "इंजिनियरबाई, गोठा यंदा शाकारू की पत्रे घालू?" मी दोन सेमिस्टरच्या जोरावर ऐटीत सांगितलं, "पत्रे घाला, वीस वर्षं बघायला नको." त्यांनी ऐकलं. गेल्या मे महिन्यात गेले, तर दुपारी त्या गोठ्यात उभं राहवत नव्हतं. गुरं आंब्याखाली बांधलेली. मी म्हटलं, पुन्हा पेंढा घालू. आजोबा शांतपणे म्हणाले, "घालेल कोण? शाकारणारा दोन वर्षांपूर्वी मुंबईला गेला."

गवती छपराला आगीची भीती असते, खर्च असतो, दरवर्षीची दगदग असते. ती कोणी करावी, हे शहरात बसून मी सांगणार नाही. सगळ्यांनी पत्रे काढा असंही माझं म्हणणं नाही. पण 'बघायला नको' ही माझी व्याख्याच चुकीची होती. आपण चार वर्षं बांधायला शिकतो, राखायला किती शिकतो? आणि जे राखतात त्यांना आपण कारागीर तरी म्हणतो का?

आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर दर मे महिन्यात एक काका पावसाळी पाइपांच्या तोंडातला पाला काढतात. म्हणून जूनमध्ये आपल्या गाद्या कोरड्या राहतात. यंदा मी त्यांच्याबरोबर वर जाणार आहे. कोण येतंय?